फूल, दोन पाने आणि मतदार

‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असे विचारणारा मनुष्य बहुधा उत्तरेही आपल्याच खिशात घेऊन आलेला असतो. अशा प्रश्नापुढे एखादी बाजू पत्करावीच लागते काय, हे ठरविण्यासाठी गोमंतकीयांना फार दूर जावयास नको. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवावा.

महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे असेल, तर फूल; संघप्रदेश राहावयाचे असेल, तर दोन पाने. घटक राज्याला मतपत्रिकेवर चिन्हच नव्हते. मराठी ज्याला प्राणप्रिय, परंतु गोव्याचा कारभार गोव्यातूनच चालावा असे ज्याला वाटे, त्याच्या मनात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या. मतपत्रिकेने त्यांच्यात फारकत मागितली. घरी बसण्याची मुभा होती खरी. पण घरी बसणाऱ्यालाही निकाल लागू होणारच होता. तेव्हा निवड सक्तीचीच होती, याविषयी आम्हांला शंका नाही. तिसऱ्या मार्गाच्या गप्पा निकालानंतर मारणे सोपे असते.

परंतु निवड करणे वेगळे आणि बाजूला बांधले जाणे वेगळे. विलीनीकरणाविरुद्ध झुंजलेल्या पत्रांत ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक अग्रभागी होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. मराठीचा अभिमानी म्हणजे विलीनीकरणवादी, हे समीकरण मराठी अक्षरांनीच खोडून काढले!

कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा लागला. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. या कौलापूर्वी भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचे हे खंदे पुरस्कर्ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. जो संघप्रदेश टिकू नये म्हणून त्यांनी जिवाचे रान केले, त्याचाच कारभार त्यांनी १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पाहिला. याला कोणी कोलांटउडी म्हणेल. आमच्या मते तो लोकनिर्णयाचा स्वीकार होता, आणि तो पराभूत बाजूने करावयाचा असल्याने अधिक कठीण होता.

पुढे भाषेच्या वादातही पुन्हा तीच दरडावणी झाली: कोंकणी की मराठी? घरात कोंकणी बोलून देवापुढे मराठी अभंग म्हणणाऱ्याने काय सांगावे? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद ठेवली. त्यावर दोन्हीकडचे कट्टर नाराजच राहिले.

त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. वीस वर्षांपूर्वी ज्याला चिन्ह मिळाले नव्हते, त्या राज्याचे फूलवाले आणि पानवाले दोघेही सारखेच नागरिक झाले.