मंत्रचळ : विधीला नकार, जीवनाला होकार

घराबाहेर पडताना कुलूप ओढून पाहणे ही सावधगिरी होय. दहा पावले जाऊन परत येणे आणि ते पुन्हा एकदा ओढून पाहणे, हेही समजण्यासारखे आहे. परंतु वीस वेळा कुलूप ओढूनही ज्याची खात्री पटत नाही आणि त्यापायी ज्याची आगगाडी, परीक्षा किंवा नोकरी हुकते, तो मनुष्य केवळ सावध नव्हे. तो आजारी आहे. ह्या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात. आज तो ओसीडी ह्या आद्याक्षरांनीही ओळखला जातो. शंभर माणसांत सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो जडतो, आणि पुष्कळदा त्याचा आरंभ शाळा-कॉलेजच्या वयातच होतो.

मंत्रचळाची दोन अंगे आहेत. पहिले अंग नकोशा विचाराचे : हाताला रोगजंतू लागले असतील, गॅस चालू राहिला असेल, आपल्या हातून एखाद्याला इजा होईल. दुसरे अंग त्या विचाराने उठलेली भीती शमविण्यासाठी केलेल्या विधीचे : हात धुणे, तपासणे, मोजणे, स्तोत्रातील एक शब्द चुकला म्हणून पुन्हा आरंभापासून म्हणणे. काही विधी मनातल्या मनातच चालतात व इतरांच्या दृष्टीस पडत नाहीत. हे सारे अवाजवी आहे, असे रोग्याला स्वतःलाही बहुधा कळत असते. पण कळण्याने ते थांबत नाही.

असे का व्हावे? विधी केल्याबरोबर भीती उतरते, हे त्याचे कारण. ही सुटका सावकाराच्या कर्जासारखी असते. आजची नड भागते. पण विधीमुळेच आपण वाचलो, असा मनाचा समज होतो आणि पुढच्या वेळी विधीची ओढ अधिक बळावते. एकदा धुऊन भागत होते, तेथे पाच वेळा धुवावे लागते.

मग वाईट विचारच मनात येऊ देऊ नयेत, असे कोणी म्हणेल. परंतु तसा प्रयत्न उलटच फळतो. दडपलेला विचार पुनःपुन्हा वर येतो. स्टॅन्ली रॅक्मन आणि पद्मल डी सिल्वा ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दाखवून दिले की, असे विचित्र व भयंकर विचार बहुसंख्य निरोगी माणसांच्या मनातही येतात. निरोगी मनुष्य त्यांना येऊ-जाऊ देतो. रोगी त्यांना पुरावा मानतो. तात्पर्य, प्रतिकार करावयाचा तो विचाराचा नव्हे, विधीचा.

ह्या दिशेने पहिले मोठे पाऊल 1966 साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात पडले. व्हिक्टर मायर ह्यांच्याकडे दोन रुग्ण आले होते आणि त्यांच्यावर आधीचे उपचार व्यर्थ गेले होते. ज्याची भीती वाटते त्याला रुग्णाने सामोरे जावे, आणि परिचारिकांनी जवळ राहून विधी मात्र होऊ देऊ नये, अशी योजना मायर ह्यांनी आखली. दोघांचीही प्रकृती सुधारली. 1974 साली मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी 10 जणांना उत्तम गुण आला होता.

विधी न केल्यास भीतीचे काय होते, हे रॅक्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली तपासून पाहिले. ती वाढतच जात नाही, असे त्यांना आढळले. विधीची ओढ आरंभी तीव्र असते, पण बहुधा तासाभरात ती आपोआप पुष्कळ ओसरते. भरती येते, तशी ओहोटीही येते.

आजही उपचाराचे तत्त्व हेच आहे. मात्र तो जबरदस्तीने न करता रुग्णाच्या संमतीने, सोप्या पायरीपासून अवघड पायरीकडे जात केला जातो. जरूर पडेल तेथे डॉक्टर औषधेही देतात. घरच्यांचे साहाय्यही महत्त्वाचे असते. 'आई, कडी लावली ना?' ह्या प्रश्नाला दहाव्यांदा 'हो, लावली' असे उत्तर देणे ही माया असली, तरी तो विधीतील सहभागच ठरतो. 'तुला भीती वाटते आहे, हे मला दिसते. आपण थोडा वेळ थांबू,' हे उत्तर अधिक हिताचे.

पण एवढी भीती सोसावयाची कशासाठी? येथे मूल्यांचा प्रश्न येतो. मंत्रचळ बहुधा मनुष्याला जे प्राणप्रिय असते, त्यावरच घाला घालतो. समजा, एक आई बाळाला रोग होऊ नये म्हणून तासन्‌तास हात धूत राहते आणि त्याला उचलून घेण्याचे टाळते. ज्या ममतेच्या नावाने विधी चालतो, त्या ममतेलाच तो उपाशी ठेवतो. तिने भीती जाण्याची वाट पाहू नये. हात थरथरत असले, तरी बाळाला उचलून घ्यावे. अमेरिकेत मायकेल टूहिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 79 प्रौढ रुग्णांवर ह्याच विचाराची परीक्षा घेतली. चिंतेला मनात जागा देऊन आपल्या मूल्यांनुसार वागावयास शिकलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना चांगला गुण आला. केवळ शिथिलीकरण शिकलेल्यांत हे प्रमाण पाचांत एकाहूनही कमी होते.

शंभर टक्के खात्री ह्या जगात कोणालाच मिळत नाही. निरोगी मनुष्यही तिच्यावाचूनच घराबाहेर पडतो. म्हणून 'माझी भीती गेली काय?' असे रोज विचारण्यापेक्षा 'जे मला मोलाचे वाटते, त्यासाठी आज मी काय केले?' असे विचारणे श्रेयस्कर. स्वतःत किंवा एखाद्या विद्यार्थ्यात ही लक्षणे दिसल्यास मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. भारत सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलि-मानस ह्या सेवेच्या 14416 ह्या क्रमांकावरही विचारणा करता येते. ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पहिल्या दिवशी विधी पाच मिनिटे लांबविता आला, तरी ती पाच मिनिटे रोग्याची स्वतःची असतात.