निद्रिस्त विषाणु

मनुष्यदेहाचें रक्षण करणाऱ्या पेशींतच दडून बसणारा एक शत्रु आहे. एच्. आय्. व्ही. हें त्याचें नांव. पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांनीं १९८३ सालीं तो शोधून काढिला. त्याबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली, आणि पूर्वीं ज्यास मृत्यूच अटळ वाटे तो रोगी आज कामधंदा करीत दीर्घकाळ जगूं शकतो. रक्तांतील विषाणु इतके घटतात कीं, तपासणींत ते सांपडतही नाहींत. मग औषध बंद कां करूं नये? केल्यास बहुधा थोड्याच आठवड्यांत रोग पुन्हां डोकें वर काढितो. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

हा विषाणु सी. डी. ४ नांवाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, आपल्या आर. एन. ए. पासून डी. एन. ए. तयार करितो व तो पेशीच्या स्वतःच्या डी. एन. ए. मध्यें गुंफतो. पेशी जागृत असेल तर ती या परक्या आज्ञेप्रमाणें नवे विषाणु निर्माण करूं लागते. परंतु कांहीं पेशी एखाद्या रोगजंतूशीं झुंज संपल्यावर त्याची स्मृति बाळगून वर्षानुवर्षें विश्रांति घेतात. त्यांच्यांत ही आज्ञा नुसती लिहिलेली राहते, वाचली जात नाहीं. औषधें विषाणूची वाढ अडवितात. जेथें वाढच नाहीं तेथें तीं कशास अडविणार? १९९७ सालीं संशोधकांस औषधोपचार चालू असलेल्या रोग्यांतही अशा पेशी आढळल्या. दहा लक्ष विश्रांत पेशींमागें सुमारें एक, एवढेंच त्यांचें प्रमाण. पण तें निम्मे होण्यास सुमारें ४४ महिने लागतात.

रक्षक पेशी एकमेकींस निरोप धाडितात, ते इंटरल्यूकिन, टी. एन. एफ. अशा रेणूंच्या द्वारें. टी. एन. एफ. चा निरोप पेशीच्या पृष्ठभागीं पोंचला कीं, आंतील एन. एफ. कप्पा बी नांवाचें प्रथिन बंधमुक्त होऊन केंद्रकांत शिरतें व संरक्षणाचीं जनुकें चालू करितें. विषाणूच्या डी. एन. ए. च्या आरंभींही याच प्रथिनास बसण्याची जागा असते. म्हणून पेशीस जागविणारी हांक विषाणूसही जागविते.

शास्त्रज्ञांनीं या हांकेचाच उपयोग योजिला. आपला शेतकरी पहिल्या पावसानें तण उगवूं देतो व मग कुळवाची पाळी देऊन तें मोडतो. जमिनींत दडलेलें बीं वेंचतां येत नाहीं. उगवलेला कोंब मात्र मोडतां येतो. तशीच ही युक्ति. परंतु हांक फार मोठी झाली तर साऱ्याच रक्षक पेशी खवळून रोग्यास ज्वर व अपाय होतो. लहान झाली तर कित्येक विषाणु निजलेलेच राहतात. इंटरल्यूकिन-७ सारख्या कांहीं निरोपांनीं तर दडलेल्या विषाणूंसह पेशींचीच संख्या वाढते. शिवाय जागी झालेली पेशी आपोआप मरत नाहीं. तिला मारणारे शिपाईही सिद्ध असावे लागतात. या मार्गानें अद्यापि कोणी रोगमुक्त झालेला नाहीं. प्रयत्न मात्र चालू आहेत.

तोंवर दोन गोष्टी आपल्या हातीं आहेत. तपासणी निर्मळ आली तरी औषध एक दिवसही चुकवूं नये, ही एक. दुसरी शेजाऱ्यांची. स्पर्शानें, सहभोजनानें किंवा एका बांकावर बसल्यानें हा रोग जडत नाहीं. तेव्हां रोग्यास, विशेषतः रोगी बालकास, दूर लोटण्यास शास्त्रांत आधार नाहीं, आणि धर्मांतही नाहीं.