मोटार कॅराव्हॅन, जुनी
निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले मोटारवाहन. ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरात खाडीकाठची दमट हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे जुन्या वाहनाची चासी खालून गंजते. छताच्या सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याने आतील प्लायवुड कुजते. ताज्या रंगाखाली हे दोष दडतात, म्हणून सजावटीआधी चासी हातोडीने ठोकून पाहावी. माळशेज किंवा कसारा घाटातून कल्याणकडे उतरताना जड वाहनाचे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. झिजलेले अस्तर, गंजलेल्या ब्रेकनळ्या आणि खाचा शाबूत असूनही रबर तडकलेले टायर बदलणेच इष्ट. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळल्यास तळाशी साचतो; त्यासाठी तळालगत वायुवीजनाचे छिद्र आवश्यक असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत.