तेजोवलयाचे गणित

छापील फोटोतील पणतीची ज्योत कागदाच्या पांढऱ्या रंगाहून अधिक उजळ असू शकत नाही. तरीही ती पेटलेली वाटते, ती भोवतीच्या मंद, कडेकडेला विरत जाणाऱ्या उजेडामुळे. तो उजेड काढून टाकला तर फिकट पिवळा ठिपका तेवढा उरतो. छायाचित्र-संपादनात या तेजोवलयाला ‘ग्लो’ म्हणतात. फोटोशॉप किंवा गिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते तयार करण्याची रीत मुळात तीन कृतींची आहे: उजळ भाग वेगळा काढणे, तो धूसर करणे आणि मूळ चित्रात परत मिसळणे. या साध्या वाटणाऱ्या कृतींमागे प्रकाशाचे विखुरणे, डोळ्याची रचना आणि थोडे अंकगणित आहे.

वलय पडते कुठे?

प्रखर बिंदूपासून डोळ्यात शिरलेला सगळा प्रकाश दृष्टिपटलावर एकाच जागी पोचत नाही. पारपटल आणि नेत्रभिंग यांतून जाताना त्यातला थोडा विखुरतो आणि मूळ प्रतिमेभोवती त्याची पातळ साय पसरते. रात्री दूरचा दिवा पाहताना बोटाने नेमका दिवाच झाकला, की भोवतीचे वलयही नाहीसे होते, कारण ते दिव्याजवळ नव्हे तर डोळ्यात पडलेले असते. याउलट चंद्राला पडलेले मोठे खळे अंगठ्याआड चंद्र लपवला तरी दिसतच राहते. ते उंचावरच्या ढगांतील हिमकणांनी घडवलेले असते.

कॅमेऱ्यातही असेच घडते. लेन्समधील काचांच्या पृष्ठभागांवर प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होतो, धूळ आणि बोटांचे ठसे त्यात भर घालतात. छिद्राच्या कडांपाशी प्रकाशाचे विवर्तन होते आणि दिव्याला किरणे फुटतात. छिद्राला सहा पाती असतील तर सहा किरणे दिसतात, सात असतील तर चौदा. प्रत्येक पात्याची सरळ कड दोन विरुद्ध दिशांना किरण फेकते आणि पाती सम संख्येत असली की समोरासमोरच्या कडांचे किरण एकमेकांवर पडतात. जुन्या फिल्ममध्ये आणखी एक कारण असे. प्रकाश रासायनिक लेप ओलांडून मागच्या पृष्ठभागावर आपटे आणि परत येताना लेपाला पुन्हा छेदून जाई. हे टाळण्यासाठी फिल्मच्या निर्मितीत प्रकाश शोषणारा वेगळा थर दिला जाऊ लागला. सॉफ्टवेअरमधला ग्लो म्हणजे हेच दोष पुन्हा, पण हवे तेथे आणि हवे तेवढे निर्माण करणे.

पडद्याची मर्यादा, मेंदूची समजूत

मेणबत्तीच्या ज्योतीची तेजस्विता दर चौरस मीटरला सुमारे १० हजार कँडेला असते. भर दुपारच्या सूर्याची दीडशे कोटींच्या घरात. संगणकाचा साधा पडदा मात्र सुमारे ३०० कँडेलापर्यंत जातो. खरे तेज त्यावर दाखवणे अशक्य असते, म्हणून त्याची खूण दाखवावी लागते. पांढऱ्या भागापासून बाहेरच्या बाजूला हळूहळू काळवंडत जाणारी छटा असली, तर मधला भाग तेवढ्याच उजेडाच्या सपाट पांढऱ्या पट्ट्यापेक्षा झगझगीत वाटतो. ओस्लो विद्यापीठातील ब्रुनो लेंग आणि टोर एंडेस्टाड यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे भासचित्र पाहताना प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावल्या. प्रत्यक्ष उजेड वाढला नव्हता, तरी डोळ्यांनी तो वाढल्यासारखा प्रतिसाद दिला.

पहिली कृती: उजळ भाग निवडणे

हातात पणती धरलेल्या मुलीचा संध्याकाळचा फोटो उदाहरणादाखल घेता येईल. नेहमीच्या आठ-बिट फोटोत प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी ० ते २५५ असा एकेक आकडा असतो. ‘थ्रेशोल्ड’ वापरून ठरावीक आकड्याच्या वरचे पिक्सेल वेगळ्या लेयरवर घेतले, की ज्योत हाती लागते. पण तिच्याबरोबर मुलीच्या पांढऱ्या ओढणीवरचा चमकता भागही येतो. ज्योतीचे तेज ओढणीच्या कितीतरी पट असले तरी २५५ च्या वर आकडाच नसल्यामुळे फाइलमध्ये दोन्ही सारखीच ठरतात. म्हणून ओढणीचा भाग मास्कने हाताने झाकावा लागतो. रॉ फाइलमध्ये १२ किंवा १४ बिट असल्याने हा फरक थोडा अधिक टिकून राहतो.

दुसरी कृती: धूसर करणे

निवडलेल्या लेयरवर ‘गॉसियन ब्लर’ लावला जातो. जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाऊस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे प्रत्येक पिक्सेलचा उजेड शेजाऱ्यांना वाटला जातो: जवळच्यांना जास्त, लांबच्यांना कमी. ६१ बाय ६१ पिक्सेलच्या चौकोनात हे वाटप सरळ केले, तर प्रत्येक पिक्सेलसाठी ३,७२१ गुणाकार लागतात आणि ४,००० बाय ३,००० पिक्सेलच्या फोटोत एका रंगासाठी सुमारे ४,४६५ कोटी. गॉसियन वाटप मात्र आधी आडवे आणि मग उभे असे दोन टप्प्यांत करता येते. मग प्रत्येक पिक्सेलमागे १२२ गुणाकार पुरतात आणि एकूण संख्या सुमारे १४६ कोटींवर येते. उत्तर तेच मिळते.

एकच ब्लर लावला तर ज्योत कापसात गुंडाळल्यासारखी दिसते. डोळ्यात किंवा लेन्समध्ये विखुरलेला प्रकाश मध्याजवळ दाट असतो आणि त्याची पुसट शेपटी फार दूरवर जाते. गॉसियन वक्र मात्र लवकर शून्याला टेकतो. म्हणून त्याच लेयरच्या तीन प्रती करून त्यांना लहान, मध्यम आणि मोठ्या त्रिज्येचे ब्लर देतात, उदाहरणार्थ ८, ३० आणि १२० पिक्सेल. सर्वांत मोठ्या त्रिज्येची प्रत सर्वांत फिकट ठेवतात.

तिसरी कृती: मिसळणे

फोटोशॉप १९९० मध्ये आले, पण लेयरची सोय त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मिळाली. दोन लेयर एकमेकांत कसे मिसळावेत, हे ‘ब्लेंड मोड’ ठरवतो. ग्लोसाठी ‘स्क्रीन’ हा मोड सर्वाधिक उपयोगी पडतो. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ मानले, तर स्क्रीन मोड दोन्ही आकडे एकातून वजा करतो, उरलेल्यांचा गुणाकार करतो आणि तो पुन्हा एकातून वजा करतो. ०.५ आणि ०.५ मिसळून ०.७५ होतात, उत्तर कधीच एकाच्या पुढे जात नाही. लेयरवरचा काळा भाग खालच्या चित्रात काहीच बदल करत नाही, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरचा उजेड कापून न काढता चित्रावर ठेवता येतो. ‘लिनियर डॉज’ हा मोड थेट बेरीज करतो, त्यात ०.५ आणि ०.५ यांचे पूर्ण पांढरे होते. त्याचा परिणाम जोरकस असतो, पण बारकावे लवकर जळून जातात.

येथे एक छुपी अडचण असते. फोटोतील आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. प्रचलित एसआरजीबी पद्धतीत १२८ हा आकडा निम्मा उजेड दाखवत नाही, केवळ सुमारे २२ टक्के दाखवतो; निम्म्या उजेडासाठी १८८ लागतात. या आकड्यांवर सरळ ब्लर लावला, तर काळ्यापांढऱ्याच्या सीमेवर १८८ ऐवजी १२८ येतात आणि वलय मळकट दिसते. उजेडाच्या सरळ प्रमाणातील आकड्यांवर काम केले की हा दोष जातो. फोटोशॉपच्या ३२-बिट मोडमध्ये तसे करता येते आणि गिंपमध्येही २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ही सोय आहे.

रंग आणि भोवताल

वलय पांढरे ठेवले तर पणतीची जागा एलईडी दिवा घेतो. ज्योतीच्या उजेडात लाल सर्वांत जास्त आणि निळा सर्वांत कमी असतो. ती खूप प्रखर असेल तर कॅमेऱ्यात आधी लाल, मग हिरवा आणि शेवटी निळा आकडा २५५ ला पोचतो. त्यामुळे मध्यभाग पांढरट होतो, रंग कडेला उरतो. म्हणून गाभा पांढरट पिवळा, त्याभोवती नारिंगी आणि सर्वांत बाहेर तांबूस असा क्रम ठेवतात. फोटोत मुळात नसलेली प्रकाशरेषा काढतानाही, उदाहरणार्थ फुलबाजी फिरवल्याची, हाच नियम लागू पडतो: बारीक पांढरी रेघ आणि तिच्या धूसर, रंगीत प्रती. ती शरीरामागून जात असेल तेथे मास्कने लपवली, की रेषेला खोली येते.

दिव्याचा उजेड आसपासच्या वस्तूंवर पडलेला दिसला नाही, तर वलय वरून चिकटवल्यासारखे वाटते. पणतीच्या बाजूचा गाल, हनुवटीचा खालचा भाग आणि तळहात यांवर फिकट नारिंगी रंग ‘सॉफ्ट लाइट’ मोडमध्ये हलक्या ब्रशने दिला जातो आणि उरलेला फोटो थोडा गडद केला जातो. सावल्या ज्योतीपासून दूर जाणाऱ्या हव्यात.

शेवटी पट्टे तपासावे लागतात. अंधारात विरत जाणाऱ्या मोठ्या वलयाला आठ-बिट फोटोत मोजक्याच पायऱ्या मिळतात आणि त्या झाडाच्या खोडातील वर्तुळांसारख्या उघड दिसू लागतात. १६-बिटमध्ये काम करून शेवटी ‘नॉइज’ची अगदी बारीक भुकटी पसरली, की पायऱ्यांच्या कडा मोडतात आणि छटा सलग दिसते. फिल्मच्या काळात हे काम तिचा रवाळपणा आपोआप करत असे.