ईस्टव्हिलचे दप्तर

व्हर्जिनिया राज्याच्या पूर्वेला, चेसापीक उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्या मधोमध जमिनीची एक लांब पट्टी दक्षिणेकडे उतरत जाते. तिचे शेवटचे टोक म्हणजे नॉर्दॅम्प्टन काउंटी. शेती आणि मासेमारी हे इथले जुने धंदे. वस्ती सुमारे 12 हजार. काउंटीचे न्यायालय ईस्टव्हिल नावाच्या लहानशा गावात आहे, आणि तिथल्या नोंदवह्या 1632 पासून सलग आहेत. अमेरिकेत काउंटी न्यायालयाची इतकी जुनी आणि न तुटलेली मालिका दुसरी नाही.

या सलगपणाचे मोल राज्यातल्या इतर काउंट्यांकडे पाहिल्यावर कळते. यादवी युद्धात काही काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल 1865 मध्ये शहर सोडताना लागलेल्या आगीत ती तिथेच जळाली. बकिंगहॅम काउंटीचे न्यायालय 1869 मध्ये जळाले, अपोमॅटॉक्सचे 1892 मध्ये. अशा ठिकाणी घराण्याचा किंवा जमिनीचा माग एका वर्षापाशी येऊन थांबतो आणि पुढचे वाचायला काहीच उरत नाही.

दप्तरातली बुके कामानुसार वेगळी झाली ती हळूहळू. आरंभीच्या बुकांत सगळे एकत्र आहे: खरेदीखते, मृत्युपत्रे, फिर्यादी, साक्षी, दंड. दंड तंबाखूच्या पौंडांत, कारण वसाहतीत नाण्यांऐवजी तंबाखूच चाले. मोकळ्या सोडलेल्या गुरांच्या कानांवरच्या खुणाही नोंदवल्या जात. कोणाच्या जनावराचा उजवा कान छाटलेला, कोणाच्या डाव्या कानाला चीर, हे लिहून ठेवल्याशिवाय गुरे ओळखू येत नसत. माणूस मेला की शेजारी घरात जाऊन लोखंडी भांडे, पिसांची गादी, गायी यांची किमतीसह यादी करत. गुलाम माणसेही त्याच यादीत, त्याच क्रमाने, किमतीसह येतात.

वाचनाची सुरुवात सूचीपासून होते. जमिनीच्या दोन सूच्या असतात, एक विकणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. नावासमोरचा बुक आणि पान क्रमांक घेऊन मूळ खत काढायचे, त्यात विकणाऱ्याला ती जमीन कोणाकडून मिळाली ते पाहायचे, आणि ते नाव घेऊन पुन्हा सूचीकडे यायचे. चतुःसीमा झाडे, खाड्या आणि शेजाऱ्यांची नावे यांनी सांगितलेल्या असतात. अंतरे बहुधा पोलमध्ये. एक पोल साडेसोळा फुटांचा. महाराष्ट्रातल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे नेमके दोन पोल, कारण दोन्ही मापे एकाच इंग्रजी एकराची पोटमापे आहेत.

सतराव्या शतकातले अक्षर ही पहिली अडचण. संक्षेप भरपूर आणि शुद्धलेखन सैल. एकाच माणसाचे नाव एकाच पानावर दोन प्रकारे येते. मोडी वाचणाऱ्याप्रमाणे इथेही आधी लेखनिकाचा हात ओळखावा लागतो, मग शब्द सुटतात. दुसरी अडचण तारखेची. 1752 पर्यंत इंग्रजी कायद्यातले वर्ष 25 मार्चला बदलत असे. त्यामुळे बुकात 8 मार्च 1654 असे लिहिलेला दिवस आजच्या गणनेत 1655 चा असतो. हे विसरले तर निकाल आधी आणि तक्रार नंतर असा उलटा क्रम लागतो.

कागद टिकवण्याच्या कामाचाही इतिहास आहे. 1930 च्या दशकापासून विल्यम बॅरो यांनी व्हर्जिनियात जुनी पाने सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ फिल्ममध्ये उष्णता आणि दाब देऊन बसवण्याची पद्धत रूढ केली. तिथली अनेक बुके तेव्हा तशी मढवली गेली. पुढे काही फिल्म स्वतःच बिघडू लागली. तिला व्हिनेगरसारखा वास येतो. आता ती विद्रावकात सोडवून पाने मोकळी करावी लागतात. सुट्या कागदांचे काम आणखी सावकाश चालते. ते तीन घड्या घालून बांधलेले असतात. घडी उलगडणे, धूळ ब्रशने झाडणे, कागद सपाट करून आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवणे, हे एकेका कागदापाशी थांबूनच होते.

या सगळ्या खटाटोपातून काय हाती लागते, ते अँथनी जॉन्सन यांच्या नोंदींतून दिसते. 1621 मध्ये व्हर्जिनियात आलेला हा आफ्रिकी माणूस पुढे स्वतंत्र झाला, आणि 1651 मध्ये त्याला 250 एकरांचा हक्क मिळाला. 1653 च्या सुमारास आगीत त्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा न्यायालयाने त्याची पत्नी मेरी आणि दोन मुली यांना डोईपट्टीतून सूट दिली. या सवलतीचा अर्थ कायदा पाहिल्याशिवाय कळत नाही: 1643 पासून आफ्रिकी स्त्रियांवर ही पट्टी होती, गोऱ्या स्त्रियांवर नव्हती. सहानुभूतीचा हुकूम आणि भेदभावाची खूण एकाच नोंदीत आहेत.

पुढच्या नोंदी वाचायला जड जातात. जॉन्सनकडे जॉन कॅसर नावाचा आफ्रिकी माणूस काम करी. आपण सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो आणि ती मुदत कधीच संपली, असे त्याने तंबाखूचे पिंप न्यायला आलेल्या एका कप्तानाला सांगितले. जॉन्सनचे म्हणणे, तो आयुष्यभरासाठी माझा आहे. घरच्यांच्या आग्रहाने त्याने कॅसरला आधी जाऊ दिले. कॅसर रॉबर्ट पार्कर यांच्याकडे कामाला लागला. मग जॉन्सन न्यायालयात गेला. मार्च 1655 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. कॅसरने परत जावे, खर्च पार्करने द्यावा. गुन्ह्याची शिक्षा नसतानाही माणूस आजन्म बंधनात ठेवता येतो असे मानणाऱ्या व्हर्जिनियातल्या सुरुवातीच्या निकालांत तो गणला जातो. कॅसरचे स्वतःचे म्हणणे त्या कप्तानाच्या साक्षीतून, दुसऱ्याच्या तोंडून, उरले आहे. ते कोणी जपायचे म्हणून लिहिले नव्हते. दाव्याला साक्ष लागते म्हणून लिहिले.

1660 च्या दशकात जॉन्सन कुटुंब मेरीलँडमधल्या सॉमरसेट काउंटीत गेले, आणि तिथून पुढचा माग त्या काउंटीच्या बुकांत घ्यावा लागतो. तिथे 300 एकरांचा भाडेपट्टा आहे, जमिनीचे नाव टोनीज व्हिनयार्ड. मग 1677 ची एक नोंद: अँथनीच्या नातवाने 44 एकर जमीन घेतली आणि तिचे नाव ठेवले अंगोला.