चवीची पारख – लेखांक ८ : पाकिटातली भाकरवडी

नागपूरची सांबारवडी पाकिटात बंद होऊन सहसा दुकानात येत नाही. भाकरवडी मात्र पुण्याहून निघून थेट न्यू जर्सीच्या इंडियन स्टोअरपर्यंत पोचते. दोन्ही पारीत सारण भरून तळलेल्या वड्या, मग एक गावातच राहिली आणि दुसरी जगभर गेली, असं का? कारण पाणी. सांबारवडीच्या पोटात हिरवीगार ओली कोथिंबीर असते. ती कढईतून ताटात आणि ताटातून तोंडात जायची वस्तू आहे, कढीबरोबर किंवा तर्रीबरोबर, गरम असतानाच. थोडा वेळ ठेवली की कोथिंबिरीतलं पाणी पारीत उतरतं आणि वडी लोळागोळा होते. भाकरवडीचं सारण जवळजवळ कोरडं असतं. सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे, बडीशेप, तिखट, साखर, मीठ. ओलावा काय तो पारीला आतून लावलेल्या चिंचेच्या कोळाचा, तोही बोटाने पुसावा इतकाच. पुण्याच्या चितळे बंधूंनी १९७० च्या दशकात ती विकायला आणली आणि घराघरात पोचवली. आज तिचे लहानमोठे कितीतरी उत्पादक आहेत, गुजरातची स्वतःची वेगळी भाकरवडी आहे, आणि वाण्याच्या दुकानात एका फळीवर चार-पाच नावांची पाकिटं शेजारी-शेजारी लटकलेली दिसतात.

त्यांतली चांगली कोणती हे ठरवताना आपण सगळे आधी मसाल्याबद्दल बोलतो. आंबट आहे, गोड जास्त आहे, तिखट कमी आहे. माझं म्हणणं असं की पाकिटातल्या भाकरवडीत मसाल्याचा नंबर तिसरा. पहिली परीक्षा तेलाची, दुसरी कोरडेपणाची. साखर, चिंच आणि तिखट या तिघांमध्ये जुनं तेल झाकायची मोठी ताकद असते, म्हणून मसाल्यावर भुलणारा माणूस हमखास फसतो.

तेलापासून सुरुवात करू. पाकीट फोडल्यावर पहिला वास नाकाने घ्या, हात नंतर घाला. ताज्या भाकरवडीला धणे-बडीशेपेचा आणि भाजलेल्या तिळाचा वास येतो. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला असेल तर जुन्या पुठ्ठ्यासारखा, कधी रंगाच्या डब्यासारखा वास येतो. यालाच आपण खवट म्हणतो. हे टाळायला पाकिटात नायट्रोजन भरतात. पाकीट फुगलेलं दिसतं ते त्यामुळे. ‘हवा विकतात’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण ती बरोबर नाही. निव्वळ वजन पाकिटावर छापलेलं असतं, आणि तो वायू नसेल तर तेल लवकर बिघडेल आणि माल दुकानात पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल. पामोलीन तेल वापरण्यामागे स्वस्ताई आहेच, पण ते शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलापेक्षा उशिरा खवटतं, हेही आहे. त्याची किंमत आपण संपृक्त चरबीच्या रूपात मोजतो.

खोबऱ्याचं बिघडणं मात्र वेगळं असतं. सुक्या खोबऱ्यात ओल शिरली की त्यातली चरबी फुटून आम्लं सुटी होतात, आणि चव साबणासारखी लागते. वासात हे सहज सापडत नाही. घास गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला ते जाणवतं. म्हणून भाकरवडीचा निकाल पहिल्या घासावर देऊ नये. एक पूर्ण खाऊन थोडं थांबावं आणि तोंडात काय उरलंय ते पाहावं. धणे-बडीशेप उरली तर माल चांगला. तेलाचा थर उरला, किंवा नुसती साखर उरली, तर गुण कापा.

आता कोरडेपणा. एक भाकरवडी दोन बोटांत धरून मधोमध मोडा. चांगली असेल तर कट् असा एकच आवाज येतो आणि तुटलेल्या कडेवर पारीचे वळसे सुटे दिसतात, वळशांमध्ये सारण चिकटून बसलेलं असतं. सादळलेली असेल तर ती आधी थोडी वाकते, मग तुटते. सारणातली ओल दिवसेंदिवस पारीकडे सरकत असते, आणि पाकीट नीट बंद असलं तरी हे चालूच राहतं. म्हणून कोळ किती लावला, सारण किती भाजलं, तळणी किती मंद आंचेवर झाली, हे सगळं त्या एका मोडण्यात कळतं. घाईने तळलेली वडी वरून तांबूस आणि आतल्या वळशाला कच्ची राहते. दाताला ते पीठ चिकटतं.

आवाजाला मी इतकं महत्त्व देतो त्याला आधार आहे. ऑक्सफर्डच्या मासिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बटाट्याचे चिप्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांच्याच कानात सोडला. आवाज मोठा केला, त्यातला तीव्र भाग वाढवला, की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. म्हणजे टीव्ही लावून, गप्पांच्या गलबल्यात केलेली परीक्षा खरी मानू नका.

घरी परीक्षा करायची तर पाकिटं लपवा. नाव दिसलं की जीभ नावाच्या बाजूने बोलते, विशेषतः पुण्यात. एकाने आत जाऊन तीन सारख्या वाट्यांत तीन पाकिटांतला माल काढावा आणि वाट्यांना ४१७, ८५२, २९६ असे कुठलेही तीन आकडी क्रमांक द्यावेत. १, २, ३ देऊ नयेत, कारण ‘१’ चांगलाच असणार असं मन आधीच ठरवतं. प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने खावं, कारण भुकेच्या तोंडी पहिली येणारी वस्तू जरा जास्तच आवडते. मध्ये कोमट पाणी आणि पोळीचा तुकडा. तिखट फार असेल तर पाण्याने भागत नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दोन चमचे दूध किंवा दही घ्या. वेळ सकाळी अकराची बरी, जेवणानंतरची नको.

गुण देण्यासाठी नऊ पायऱ्यांची पट्टी वापरा. अमेरिकी लष्कराच्या शिकागोतल्या अन्नसंशोधन संस्थेत ती तयार झाली. सैनिकांना कोणतं खाणं खरोखर आवडतं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. एका टोकाला ‘अजिबात आवडली नाही’, दुसऱ्या टोकाला ‘फार म्हणजे फार आवडली’, मधोमध ‘धड आवडली नाही, धड नावडली नाही’. घरातल्या लहान मुलांनाही ही पट्टी लगेच समजते.

वाट्या रिकाम्या झाल्या की पाकिटं बाहेर काढा आणि मागची बाजू वाचा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं कायद्याने बंधनकारक आहे. साखर खोबऱ्याच्या आधी आली तर समजा की सारणाचा भार साखरेवर आहे. खसखस महाग, ती शेवटीच असणार, पण ती मुळात आहे का ते पाहा. ३१९ हा आकडा दिसला तर तो टीबीएचक्यू, तेल खवटू नये म्हणून घातलेला. परवानगीच्या मर्यादेत तो चालतो, तरी ज्याला त्याची गरज पडत नाही त्या उत्पादकाला मी झुकतं माप देतो. सोडियमचा आकडा १०० ग्रॅमला दिलेला असतो. समजा तो ७०० मिलिग्रॅम आहे, तर २०० ग्रॅमचं पाकीट दोघांनी चहाबरोबर संपवलं की प्रत्येकाच्या पोटात ७०० मिलिग्रॅम गेलं. लेबलवरची टक्केवारी दिवसाला २००० मिलिग्रॅम धरून काढतात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका बैठकीत संपलं.

छोट्या आकाराच्या ‘मिनी’ भाकरवडीबद्दल एक वाक्य पुरे. तिच्यात पारी जास्त आणि सारण कमी, कुरकुर भरपूर, पण आंबट-गोड-तिखटाचा तो एकत्र येणारा घास मिळत नाही. प्रवासात ठीक, बशीत मोठीच हवी.

माझी शिफारस अशी. खोबरं साखरेच्या आधी छापलेलं, पॅकिंगची तारीख महिन्याभरातली, आणि पाकिटाच्या तळाशी चुरा कमी, अशी भाकरवडी घ्या. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. एकदा फोडलं की नायट्रोजन गेला आणि पावसाळ्याची हवा आत आली. घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. पुढच्या लेखांकात चिक्की घेऊ, गुळाची आणि साखरेची. वाचकांनी तोवर दोन्हींचं एकेक पाकीट आणून ठेवावं, फोडू मात्र नये.