असं का होतं? : न पाहिलेल्या मांजराची भीती

लालबागच्या मसाल्याच्या दुकानातलं मांजर दिवसभर पोत्यावर झोपतं. ते तिथे नसतानाही उंदीर त्या पोत्याशी बिचकतो. का?

मांजर सतत अंग चाटतं. लाळेतली प्रथिनं केसांवर सुकतात, पोत्याला लागतात. उंदीर नाक टेकवून हुंगतो, तेव्हा ती त्याच्या नाकाच्या तळाशी असलेल्या, असे गंधसंकेत ओळखणाऱ्या जेकबसनच्या इंद्रियात शिरतात. आणि उंदीर आपसूक थिजतो. हे त्याला कोणी शिकवत नाही. प्रयोगशाळेत वाढलेले, मांजर कधीच न पाहिलेले उंदीरही या प्रथिनांना घाबरतात, हे 2010 साली अमेरिकेत दिसलं. मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

हेच इंद्रिय शिकाऱ्याकडेही असतं. नाग-घोणस जीभ लपलपवून गंधकण टिपतात आणि टाळूतल्या याच इंद्रियाकडे पोहोचवून उंदराचा माग काढतात.

पण मांजराची ही भीती पुसताही येते. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्याच आतड्यात पूर्ण वाढतो. त्याची लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची धास्ती ओसरते. काही तर त्या वासाकडे ओढले जातात.